गाठ कापून बघा: कडधान्यांच्या मुळांवरचे जिवाणू, बीजप्रक्रियेपासून तपासणीपर्यंत

हरभऱ्याला फुले दिसू लागली की एक रोप खणून काढा, मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि त्यांवरची एखादी टपोरी गाठ ब्लेडने उभी चिरा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर तुमचे पीक हवेतल्या नत्रावर, म्हणजे नायट्रोजनवर, पोसले जात आहे. सगळीकडे नुसता पांढरा किंवा हिरवट रंग दिसला तर नाही. या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, पैसा लागत नाही, तरी ती करणारे फार थोडे. जिवाणू संवर्धकाचे, म्हणजे गाठी धरणाऱ्या जिवंत जिवाणूंचे, पाकीट बियाण्याला चोळले की काम संपले असे धरून बहुतेक जण पुढच्या कामाला लागतात. माझे म्हणणे असे की पाकीट चोळल्यावर निम्मे काम होते. ते लागू पडले का, याचे उत्तर मुळांवरच बघावे लागते. म्हणून हा लेख पेरणीच्या दीड महिना आधी सुरू होतो आणि कापणीपर्यंत जातो.

गाठीच्या आत काय चालते

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कोणत्याही वनस्पतीला ते सोडवता येत नाहीत. मातीतल्या काही जिवाणूंना ते जमते, कारण त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. हे काम महागडे आहे. नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनिया करायला पेशीतल्या ऊर्जेचे म्हणजे एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. कडधान्याचे रोप ही ऊर्जा साखरेच्या रूपाने पुरवते आणि बदल्यात नत्र घेते. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८० च्या दशकात हा व्यवहार सिद्ध केला. १८८८ मध्ये नेदरलँड्समध्ये बायरिंक यांनी गाठींमधले जिवाणू वेगळे करून वाढवले, आणि १८९६ मध्ये नोबे व हिल्टनर यांनी अशा संवर्धकाचे पेटंटही घेतले. थोडक्यात, पाकिटातले जिवाणू शेतात नेण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

जिवाणू मुळात शिरतात ते रोपाच्या बोलावण्यावरून. मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत झिरपतात. ती ओळखणारे जिवाणू उत्तरादाखल स्वतःचे एक रसायन सोडतात. त्यासरशी मुळावरचा बारीक केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो, आणि आत एक नळीसारखी वाट तयार होते. त्या वाटेने जिवाणू मुळाच्या आतल्या पेशींपर्यंत पोचतात आणि तिथे गाठ धरते. भुईमुगात मात्र हे केस वाकणे वगैरे नाही. उपमूळ फुटताना साल जिथे फाटते, त्या फटीतून जिवाणू आत जातात.

गुलाबी रंगाचे मर्म इथेच आहे. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही, मोकळा ऑक्सिजन लागला की ते निकामी होते. पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. रोप यावर लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन बनवते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे हे नातलग. ते ऑक्सिजनला धरून ठेवते आणि जिवाणूंना बेताबेताने देते. लोहामुळे त्याला लाली येते. म्हणून लाल गाठ म्हणजे चालू असलेली गाठ. रोपांची ही रचना पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ हातातल्या चिरलेल्या गाठीकडे बघत बसलो होतो.

पेरणीच्या दीड महिना आधी: चार कुंड्यांची चाचणी

पहिला प्रश्न, जिवाणू बाहेरून द्यायची गरज आहे का? ज्या जमिनीत ते पीक कधीच घेतले नाही, किंवा घेऊन बरीच वर्षे झाली, जी जमीन आम्ल आहे किंवा जिथे बराच काळ पाणी साचून राहिले होते, तिथे सहसा गरज असते. जिथे तेच पीक दर एक-दोन वर्षांनी येते आणि मुळांवर चांगल्या गाठी दिसतात, तिथे पाकिटाचा फायदा बहुधा नजरेत भरत नाही. मातीत आधीच मुरलेले जिवाणू संख्येने इतके असतात की नव्यांना गाठीत जागा मिळणे अवघड जाते.

अंदाजावर राहायचे नसेल तर ही चाचणी करा. वाळू अनेकदा धुवून घ्या आणि तासभर चांगली तापवून थंड होऊ द्या. कुंड्या उकळत्या पाण्याने धुवून त्या वाळूने भरा. बियाणे घरगुती ब्लीचच्या सौम्य द्रावणात दोन-तीन मिनिटे बुडवून, उकळून गार केलेल्या पाण्याने पाच-सहा वेळा धुवा, म्हणजे त्याच्या सालीवरचे जिवाणू जातील. दोन कुंड्यांत फक्त गार केलेले पाणी घाला. तिसऱ्या कुंडीत शेतातली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटर पाण्यात ढवळून, वरचे गढूळ पाणी बियाण्याभोवती ओता. माती एका जागची नको, शेतातल्या आठ-दहा ठिकाणची मिसळून घ्या. चौथ्या कुंडीत पाकिटातल्या संवर्धकाची चिमूट पाण्यात कालवून घाला. कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवा, एकीचे पाणी दुसरीत उडता कामा नये. पाणी उकळून गार केलेलेच वापरा. नत्र देऊ नका. चिमूटभर सुपर फॉस्फेट चालेल.

चार-पाच आठवड्यांनी चारही कुंड्या रिकाम्या करून मुळे बघा. नुसत्या पाण्याच्या कुंड्यांतही गाठी आल्या असतील तर कुठेतरी जिवाणू शिरले आहेत, चाचणी पुन्हा करावी लागेल. माती घातलेल्या कुंडीत गाठी नाहीत आणि पाकिटाच्या कुंडीत आहेत, तर शेतात संवर्धक दिलाच पाहिजे. दोन्हींत गाठी असतील तर पानांचा रंग ताडून बघा. मातीच्या कुंडीतले रोप फिकट असेल, तर मातीतले जिवाणू गाठी धरतात पण काम नीट करत नाहीत, असा त्याचा अर्थ. आणि पाकिटाच्याच कुंडीत गाठ नसेल तर? मग पाकीट मेलेले आहे किंवा त्या पिकाचे नाही. पेरणीआधी हे कळणे फार मोलाचे आहे, आणि माझ्या मते चाचणीचा सर्वात मोठा उपयोग हाच.

कोणत्या पिकाला कोणता जिवाणू

इथे सर्वाधिक चुका होतात. गाठी धरणाऱ्या या जिवाणूंचे सर्वसाधारण नाव रायझोबियम, पण ‘रायझोबियम’ एवढेच लिहिलेले पाकीट सगळ्या कडधान्यांना चालत नाही. रोप आणि जिवाणू यांची भाषा जुळावी लागते, ती नसली तर केस वाकतच नाही. हरभऱ्याचा जिवाणू मेसोरायझोबियम, आणि तो जवळपास हरभऱ्यापुरताच. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो. वाटाणा, मसूर आणि लाख एका गटात येतात, तर मेथी आणि लसूणघास दुसऱ्या. चवळी, मूग, उडीद, तूर आणि भुईमूग यांचा मोठा गट आहे, त्यांना मातीतले अनेक प्रकारचे ब्रॅडीरायझोबियम चालतात. म्हणूनच ही पिके बऱ्याच जमिनींत पाकिटाशिवायही गाठी धरतात. घेवडा आणि राजमा मात्र या बाबतीत कमजोर आहेत. त्यांना योग्य जिवाणू दिला तरी नत्र मिळवण्यात ती मागेच पडतात, तेव्हा त्यांना थोडे खत देण्यात कमीपणा मानू नये.

पाकिटावर पिकाचे नाव, वापरायची शेवटची तारीख आणि साठवण्याचे तापमान बघा. ही जिवंत वस्तू आहे. उन्हात उभ्या गाडीत दुपारभर राहिलेले पाकीट तारखेत असले तरी निरुपयोगी ठरू शकते. थंड, सावलीच्या जागी ठेवा, पण गोठवू नका. उघडलेले पाकीट पुढच्या हंगामासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

बीजप्रक्रिया

हरभरा, सोयाबीन यांसारख्या मोठ्या दाण्यावर पेरणीच्या वेळी साधारण १ लाख जिवंत जिवाणू असावेत असा मापदंड आहे. आकडा मोठा वाटतो, पण सुकण्याने, उन्हाने आणि रसायनांनी ते झपाट्याने मरतात. पुढची सगळी काळजी हा आकडा टिकवण्यासाठी आहे.

लिग्नाइट पावडरवरचे संवर्धक असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम हे रूढ प्रमाण आहे. द्रवरूपाचे प्रमाण उत्पादनागणिक बदलते, बाटलीवरचे पाळा. चिकटपणासाठी लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमटसुद्धा नको. क्लोरीन असलेले नळाचे पाणी सरळ वापरू नका, उकळून गार केल्यावर ते चालते. गार झालेल्या या पाण्यात पावडर कालवून सरबरीत करा. बियाणे सावलीत स्वच्छ ताडपत्रीवर पसरा, त्यावर हे मिश्रण थोडे थोडे शिंपडत हाताने हळुवार खालीवर करा. प्रत्येक दाण्यावर काळसर पातळ थर बसला की थांबा. बियाणे ओलेचिंब होता कामा नये, नाहीतर साल सुटते. भुईमूग आणि सोयाबीन चोळूच नका. त्यांची साल नाजूक, ती फाटली की उगवण घटते. पोत्यात किंवा पसरट भांड्यात हलकेच घोळवा.

सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवून शक्यतो त्याच दिवशी, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पेरा. चोवीस तासांच्या पुढे बियाणे राहिले तर प्रक्रिया पुन्हा करा.

बुरशीनाशक आणि कीटकनाशकही लावायचे असेल तर क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वात शेवटी जिवाणू. मागची दोन्ही पूर्ण वाळल्यावरच जिवाणू लावा. कॅप्टन आणि तांब्याची बुरशीनाशके रायझोबियमला विशेष मारक आहेत. ही बुरशीनाशके लावलेल्या रंगीत बियाण्यावर जिवाणू लावण्यापेक्षा ते चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत, बियाण्याच्या खाली पडतील असे द्यावेत. यात संवर्धक जास्त लागतो, पण जिवाणू जगतात. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीसोबत रायझोबियम सहसा चालते.

जमिनीचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली, म्हणजे जमीन आम्ल असेल तर जिवाणू लावलेल्या ओलसर बियाण्यावर बारीक चुनखडीच्या पुडीचा हात फिरवतात. ही कॅल्शियम कार्बोनेटची पूड हवी. भाजलेला किंवा विरलेला चुना वापरला तर तो जिवाणूंना जाळतो. हा फरक नीट लक्षात ठेवा.

पेरणीनंतरचा पहिला महिना

बियाणे वाफशावर, म्हणजे मातीत बेताची ओल असताना, पडले पाहिजे. कोरड्या मातीत पेरून पावसाची वाट बघत बसलो तर दाणा टिकेल, पण त्यावरचे जिवाणू टिकणार नाहीत. पेरणी यंत्राच्या पेटीत बियाण्याबरोबर रासायनिक खत मिसळू नका. सुपर फॉस्फेटचा आम्लपणा आणि युरियाची तीव्रता दोन्ही जिवाणूंना मारतात. खत बियाण्याच्या बाजूला आणि खाली पडावे.

गाठी साधारण दहा-पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसू लागतात, पण त्यांचे काम सुरू व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मधल्या काळात बियाण्यातला साठा संपतो आणि रोप किंचित पिवळट दिसू शकते. इथे घाबरून युरिया टाकण्याचा मोह होतो. मातीत नायट्रेट मुबलक असले की रोप जिवाणूंना आत घेणे कमी करते, असलेल्या गाठींचे कामही मंदावते. फुकटचे नत्र हाताशी असताना साखर खर्चून ते का मिळवावे? सुरुवातीला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र बहुतेक जमिनींत पुरते. सुपीक जमिनीत तेवढेही नको.

नत्राला हात आखडता घ्या, पण स्फुरदाला (फॉस्फरसला) नको. गाठींना लागणारी सगळी ऊर्जा स्फुरदाच्या आधाराने फिरते, त्याच्या कमतरतेत गाठी कमी आणि बारीक राहतात. मॉलिब्डेनम आणि लोह तर नायट्रोजिनेजच्या रचनेतच आहेत. आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम अडकून पडते आणि चुनखडी दिल्यावर मोकळे होते. त्याचे काही क्षार जिवाणूंना घातक असतात, म्हणून मॉलिब्डेनम बियाण्यावर जिवाणूंसोबत न लावता वेगळे द्यावे. पाणी साचले की मुळांपर्यंत हवा पोचत नाही आणि गाठी गुदमरतात. दोन दिवस पाणी तुंबले तरी त्याचा परिणाम दिसतो.

आणि एक ओळ किंवा छोटा पट्टा जिवाणू न लावता पेराच. तो आधी पेरा, म्हणजे यंत्राला आणि हाताला लागलेले जिवाणू त्यात जाणार नाहीत. हा पट्टा नसेल तर मुळांवर दिसणाऱ्या गाठी पाकिटाच्या की मातीतल्या, हे कळायला मार्ग उरत नाही.

खणणे, धुणे, चिरणे

तपासणीची वेळ फुलोऱ्याच्या सुरुवातीची. मुगासारख्या लवकर येणाऱ्या पिकात २५ ते ३० दिवस, सोयाबीन आणि हरभऱ्यात साधारण ४० ते ४५, तुरीत त्याहून उशिरा. दाणे भरू लागले की रोप साखर तिकडे वळवते आणि गाठी आपोआप म्हाताऱ्या होतात. तेव्हा खणून ‘गाठी वाईट’ म्हणणे अन्यायाचे आहे.

रोप उपटू नका. सुरुवातीला मीही उपटत असे, आणि मुळे उघडीबोडकी बघून शेतात गाठीच नाहीत अशी माझी खात्री झाली होती. गाठी मातीतच तुटून राहत होत्या. रोपाच्या चारही बाजूंनी सुमारे १५ सेंटिमीटर सोडून, २० सेंटिमीटर खोल खणा आणि मातीच्या ढेकळासकट उचला. ढेकूळ बादलीत अर्धा तास भिजू द्या, मग पाण्यातच हलवून माती सोडवा. खाली चाळणी धरा, सुटलेल्या गाठी त्यात सापडतील. शेतातल्या पाच जागांहून तीन-तीन रोपे पुरेत, शिवाय बिनजिवाणूच्या पट्ट्यातून पाच.

आधी जागा बघा. गाठी सोटमुळावर, खोडाच्या जवळ वरच्या भागात घोसाने असतील तर त्या बहुधा बियाण्यावरच्या जिवाणूंच्या आहेत, कारण मूळ पहिल्यांदा तिथूनच गेले. सगळ्या दूरच्या उपमुळांवर विखुरलेल्या असतील तर मातीतल्या जिवाणूंचा वाटा जास्त. सोयाबीनमध्ये फुलोऱ्याला झाडामागे ८ ते २० टपोऱ्या, आतून गुलाबी गाठी असतील तर मी समाधान मानतो.

मग चिरा. सोयाबीन, मूग, तूर, भुईमूग यांच्या गाठी गोल असतात, त्या मधोमध कापल्या की आत सगळीकडे सारखा रंग दिसतो. हरभरा, वाटाणा आणि मेथी यांच्या गाठी लांबट, कधी बोटांसारख्या फुटलेल्या. त्या टोकाकडून वाढत राहतात, म्हणून उभ्याच चिरायच्या. टोक पांढरे, मधला भाग गुलाबी, बुडाशी हिरवट, हे तीन पट्टे निरोगी गाठीचे लक्षण आहे. आडवी कापून नेमका हिरवा भाग बघितला आणि गाठ मेली असे ठरवले, ही चूक सर्रास होते.

पूर्ण हिरव्या गाठींतले लेगहिमोग्लोबिन विघटित झालेले असते. असे वय झाल्यावर, ताण पडल्यावर किंवा दीर्घ दुष्काळात होते. काळ्या-तपकिरी, पोकळ गाठी संपलेल्या. बारीक पांढऱ्या गाठी कोवळ्या असू शकतात, तेव्हा दहा दिवसांनी पुन्हा खणा. तेव्हाही मुळभर असंख्य बारीक पांढऱ्या गाठीच दिसल्या तर जिवाणू साखर घेत आहेत, नत्र देत नाहीत. रोप हे निमूट सोसत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरला. काम बंद पडलेल्या त्या गाठींचा ऑक्सिजन रोपाने कमी केला असे दिसले आणि आतले जिवाणू फारसे वाढले नाहीत. तरीही अशा आळशी जिवाणूंनी आधीच जागा अडवलेल्या जमिनीत पुढच्या वेळी संवर्धकाचे प्रमाण दुप्पट करून ओळीत द्यावे लागते.

गाठीच नाहीत आणि पीक पिवळे आहे, तर या हंगामात वाट बघत बसू नका, नत्राचा हप्ता द्या. फुलोऱ्यानंतर वरून जिवाणू ओतून नुकसान भरून येत नाही.

गाठीसारखे दिसणारे दुसरे काही

मुळे फुगलेली दिसली की ती रायझोबियमचीच असे नाही. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी मुळाच्या अंगातच असतात, मूळच जाडजूड, वेडेवाकडे होते. त्या अंगठ्याने घासून निघत नाहीत आणि चिरल्यावर आत लाली नसते. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, हलक्या घासण्याने सुटून येते. फळझाडांच्या आणि गुलाबाच्या बुंध्याशी येणारी खडबडीत, लाकडासारखी गाठ ही आणखी वेगळी. ती अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूची. हा रायझोबियमचाच जवळचा भाऊबंद, पण तो झाडाच्या पेशींत स्वतःच्या जनुकांचा तुकडा घुसवून त्यांना बेफाम वाढायला लावतो. अशी रोपे लावू नयेत, आणि छाटणीची हत्यारे निर्जंतुक करावीत. सुरूच्या मुळांवर मात्र लाकडी, फांद्या फुटलेल्या गुच्छांसारख्या गाठी दिसल्या तर त्या फ्रँकिया नावाच्या जिवाणूच्या आहेत. त्या नत्रच देतात, त्यांना हात लावू नका.

कापणी

कडधान्याने जमिनीला भरपूर नत्र दिले असे सरसकट म्हणता येत नाही. मिळवलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो आणि दाणा शेताबाहेर. मागे राहते ते मुळांत, गाठींत आणि पालापाचोळ्यात. म्हणून रोप उपटून काढण्यापेक्षा जमिनीलगत कापा आणि मुळे जिथली तिथे राहू द्या. गाठी कुजल्या की त्यांतले काही जिवाणू मातीत परततात आणि यजमान पीक नसतानाही बरेच दिवस तग धरतात. तपासणीच्या दिवशी वहीत तारीख, पट्टा, गाठींची संख्या आणि आतला रंग लिहून ठेवला असेल, तर तेच पीक पुन्हा या शेतात येईल तेव्हा कुंड्यांच्या चाचणीआधी ते पान उघडा.